गॅरेजात सापडलेला नांगर



घराशेजारचं गॅरेज रिकामं करून त्यात छोटा वर्कशॉप उभा केला, त्याचे फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी खर्च विचारला. खर्चाचं नंतर कधीतरी. आज लिहायचंय ते आत सापडलेल्या वस्तूबद्दल.

गॅरेज म्हणजे दहा बाय अठरा फुटांची पत्र्याची खोली. आण्णांनी जीपसाठी बांधलेली. जीप विकून जमाना झाला, मग खोलीत युरियाची पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, गंधकाच्या पिशव्या असलं साठत गेलं. दोन वर्षांमागं ऐन पेरणीत पेरणी यंत्राचा दांडा तुटला. काम अर्ध्या तासाच्या वेल्डिंगचं. पण गावातला वेल्डिंगवाला लग्नाला गेलेला आणि तालुक्याला रांग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दांडा घेऊन आलो आणि रात्रीच पाऊस लागला. वाफसा पुन्हा यायला नऊ दिवस गेले. सोयाबीन उशिरा पडलं ते पडलंच. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी रांगेत उभं राहायचं नाही.

तर खोली उपसताना सगळ्यात मागं, पोत्यांच्या थप्पीखाली, लोखंडी नांगर निघाला. बैलांचा. आज्ज्यानं वापरलेला. तारेच्या ब्रशनं घासला तर बिडावर उठावाची अक्षरं दिसली : किर्लोस्कर. मी वाडीच्या रेल्वे स्टेशनवरनं शेकडो वेळा गेलोय, पण नाव असं हाताला लागलं नव्हतं. म्हणून जरा वाचून काढलं, आणि लक्षात आलं की हा नांगर अशाच एका लहानशा जागेत जन्माला आलेल्या धंद्यातला आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पोरगा चित्रं काढायचा म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेला. तिथं कळलं की डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणं संपलं. पण रंगाशिवायचं चित्र, म्हणजे यंत्राचं ड्रॉइंग, ते जमत होतं. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक म्हणून नोकरी मिळाली.

मुंबईत सायकल नवी होती. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा बेळगावात विकायचे, लोकांना चालवायलाही शिकवायचे. पुढं बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडली आणि लक्ष्मणराव बेळगावला आले. सायकल दुरुस्तीतनं हात बसला. मग छोट्या कारखान्यात कडबा कापायचं यंत्र आणि त्यामागनं लोखंडी नांगर.

मला इथं थांबावंसं वाटतं. सायकलवाल्याला नांगर का सुचावा? आपला लाकडी नांगर माती उलटवत नाही, फाडतो. तास इंग्रजी व्ही अक्षरासारखा पडतो आणि दोन तासांच्या मधी पट्टा तसाच राहतो, म्हणून आडवी-उभी नांगरट करायची. काळ्या रानात कुंदा-हरळी माजली की लाकडी नांगर तिच्या मुळ्या नुसत्या खरवडतो. लोखंडी नांगराला पंख असतो. तो मातीचं ढेकूळ उचलून पालथं घालतो, खालच्या मुळ्या वर उन्हात येतात. उन्हाळी नांगरट करून रान तापू देणं आपण आज जे सांगतो, त्याला हे उलटणंच लागतं. परदेशी नांगर तेव्हा इथं येत होतेच. पण इथल्या बैलाला ओढेल आणि इथल्या माणसाला उघडता-जोडता येईल असा पाहिजे होता.

शेतकऱ्यानं तो घेतला का? नाही. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. आज आपण त्याला हसतो. मी नाही हसत. ज्याच्याकडं एकच रान आहे त्यानं नव्या वस्तूला आधी नाही म्हणणं यात अडाणीपणा कमी आणि हिशेब जास्त असतो. आणि लोखंडी नांगर जडही. तो ओढायला जास्त बैल लागायचे, ते कुणाच्या दावणीला होते? कृषी खात्यातल्या मित्रांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

धंदा जरा उभा राहतोय तोवर बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळं जागा सोडायची पाळी आली. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला आणि १०,००० रुपये कर्ज. साल १९१०. माळावर निवडुंग आणि साप. पंचवीसेक कामगार बायकापोरांसह तिथं आले, निवडुंग तोडून शेड उभं केलं. त्याचीच किर्लोस्करवाडी झाली. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक रोडावली आणि इथल्या नांगराला मागणी वाढली. मग उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, पंप. १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा वेगळा कारखाना. आमच्या विहिरीवर फटफट करणारं इंजिन त्याच वंशावळीतलं.

आमच्या भागात ही गोष्ट मोठ्या उद्योगपतीची म्हणून सांगतात. मला त्यातला पाना महत्त्वाचा वाटतो. लाकडी नांगर मोडला की सुताराकडं न्यायचा, फाळ बोथट झाला की लोहाराकडं. त्यांना बलुतं ठरलेलं. शेतकऱ्याच्या घरात हत्यार म्हणजे विळा, खुरपं, कुऱ्हाड. नटबोल्टचा नांगर आला आणि तो उघडायला घरात पाना आला. फाळ झिजला तर बाजारातनं नवा आणून आपणच बसवायचा. घरच्या वर्कशॉपची सुरुवात तिथं झाली, असा माझा आपला अंदाज. त्यात लोहाराचं काम गेलं हेही खरं. आमच्या गावचा भाता कधी बंद पडला ते नक्की सांगणाराही आता कुणी राहिला नाही.

जाता जाता एक परदेशी किस्सा. हेन्री फोर्ड शेतकऱ्याचाच मुलगा. डेट्रॉइटमध्ये बॅगली अव्हेन्यूवर भाड्याच्या घरामागं विटांची खोली होती, तिच्यात त्यानं पहिली गाडी जोडली. जून १८९६ च्या पहाटे गाडी तयार झाली आणि बघतो तर ती दारातनं बाहेर निघेना! शेवटी कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा पाडल्या. याच माणसानं १९१७ पासून फोर्डसन ट्रॅक्टर काढले.

हे वाचलं आणि टेप घेऊन गॅरेजात गेलो. दार सात फुटांचं. आमचा सहा फुटी रोटाव्हेटर बाहेरच्या मापानं जवळजवळ तेवढाच. आत घेतला असता तर पत्रा सोलून निघाला असता. म्हणून दारापुढं सिमेंटचा कोबा केला, वर गर्डर टाकून चेन पुली लावली. जड अवजार बाहेर, बारकं काम आत.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी, चुकलो तेवढंच सांगतो. गंधक आधी हलवा. ग्राइंडरची ठिणगी गंधकाच्या भुकटीवर पडली तर ती पेटते आणि धुरानं माणूस गुदमरतो. मी पहिल्या दिवशी तिथंच ग्राइंडर लावला होता. बायकोनं बघितलं म्हणून बरं. युरियाची पोती पण नकोत, ओल धरतात आणि त्या खारटपणानं पाने गंजतात. वेल्डिंगला घरातल्या वायरिंगवरनं लाइन घेऊ नका. मीटरपासनं वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग, हे वायरमनकडनंच करून घ्या. टेबल जुन्या गाडीच्या बाभळीच्या फळ्यांचं केलं. वाइसचा जबडा आपल्या कोपराच्या उंचीला आला पाहिजे. माझा पहिला चार बोटं खाली झाला आणि आठ दिवसांत कंबर धरली. वाइस टेबलाच्या पायावर बसवा, मधी बसवला तर फळी नाचते.

आण्णा सुरुवातीला म्हणाले, "शेती करायची सोडून घरात लोहारकी मांडतोस व्हय?" आता रोज सकाळी खुर्ची घेऊन दारात बसतात आणि मी पाना चुकीचा लावला की सांगतात.

नांगर मात्र पुरा झाला नाही. बिडाच्या भागाला जुनी चीर होती. मी उत्साहात साध्या १० नंबरच्या रॉडनं वेल्ड मारला. थंड होताना टिक्क आवाज आला आणि चीर बोटभर वाढली. बिडाला आधी तापवून घ्यावं लागतं, निकेलचा रॉड लागतो आणि राखेत हळूहळू गार करावं लागतं, हे नंतर कळलं. ते पुन्हा करून बघणार आहे. फाळ तर झिजून टाचेएवढा राहिलाय. कुणाच्या वळचणीला या जुन्या नांगराचा फाळ पडून असेल तर माप आणि फोटो पाठवा. येताना गूळ-शेंगा घेऊन येतो.