मावळतीची वाट

एन्नोरच्या किनाऱ्यावर सूर्य थेट बंगालच्या उपसागरातून वर येतो. पहिला किरण आणि पाहणारा यांच्यामध्ये पाण्यावाचून काही नसते. कोल्हापूरच्या महालक्ष्मीपाशी पोहोचणारा किरण मात्र मावळतीचा आहे आणि त्याला वस्तीतून वाट काढीत यावे लागते. ती वाट पायी चालून पाहिली म्हणजे किरणोत्सव हा केवळ मंदिराच्याच नव्हे, तर नगराच्याही इतिहासाचा विषय आहे, हे ध्यानी येते.

देवी पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवशी सायंकाळचे किरण गाभाऱ्यात शिरतात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी देहाचा मध्यभाग आणि तिसऱ्या दिवशी मुख उजळते. नवरात्रादी उत्सव तिथीने चालतात. हा सौर दिनांकाने. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेची सीमा गाठून परततो. त्या दिवसाच्या आधी आणि नंतर सारख्याच अंतरावर, सुमारे सहा आठवड्यांवर, तो क्षितिजावरील एकाच जागी मावळतो. म्हणून उत्सव वर्षातून दोनदा येतो.

चालण्यास रंकाळ्याकाठून आरंभ करावा. ताराबाई रस्त्याने पूर्वेकडे निघाले की सूर्य पाठीशी राहतो आणि महाद्वार समोर येते. पुढे गरुडमंडपाची जागा, कासव चौक, पितळी उंबरठा, चांदीचा उंबरठा. सूर्य जसजसा उतरतो तसतसे किरण आडवे होतात. प्रकाश फरशीवरून आत सरकतो आणि मूर्तीवर चरणांपासून वर चढू लागतो.

अडचण नेमकी येथेच आहे. तीनशे मीटरवरील, किरणांच्या रेषेहून दहा मीटर उंच घर क्षितिजाचे जवळजवळ दोन अंश झाकते. या अक्षांशावर सूर्य तेवढे अंतर आठ मिनिटांत उतरतो. हरवतात ती शेवटची आठ मिनिटे, म्हणजे सर्वांत आडवे किरण. चरणांना प्रकाश मिळतो. वंचित राहते ते मुख. धूळ आणि ढग यांचा फटकाही याच क्षीण किरणांना अधिक बसतो.

हे सारे श्रेय आद्य शिल्पकारास देऊन मोकळे होता येत नाही. मोगली आक्रमणाच्या काळात लपवून ठेवलेली मूर्ती १७१५ मध्ये करवीरकर संभाजीराजांच्या कारकिर्दीत पुनःप्रतिष्ठित झाली; एकोणिसाव्या शतकात याच वाटेवर लाकडी गरुडमंडप उभा राहिला. पिढ्यापिढ्यांनी बांधताना ही रेषा मोकळी राहिली, म्हणून उत्सव राहिला.

गेल्या काही वर्षांत या वाटेवरील अडथळ्यांची पाहणी झाली आहे. दगडी वास्तूचे जतन प्राकाराच्या भिंतीपर्यंत करता येते. या वास्तूची एक बाजू मात्र रंकाळ्यापर्यंत पसरलेली आहे. तिसऱ्या संध्याकाळी देवीचे मुख उजळेल की नाही, हे त्या वाटेवरच्या घरांची उंची ठरवते.