बुलेटच्या चाकातील रबर

नागपूरहून छत्तीसगडात येणारा ग्रेट ईस्टर्न रोड आजही रायपूरच्या मध्यभागातून जातो; आणि जुन्या शहराच्या आग्नेयेस वसविलेल्या नवा रायपूरच्या प्रशस्त, सरळ रस्त्यांवर मोठ्या मोटारसायकली भरधाव निघाल्या, की त्यांच्या घनगंभीर नादात मिसळलेली साखळीची खडखड जाणत्या कानाला लगेच वेगळी ओळखू येते. नळकांड्याचा नाद हे इंजिनाचे स्वाभाविक बोलणे आहे. साखळीची खडखड ही तक्रार आहे.

त्या तक्रारीचे मूळ इंजिनाच्या स्वभावातच आहे. रॉयल एनफिल्डच्या जुन्या बुलेटचे 346 घनसेंटिमीटरचे, एकाच सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच बळ देते, त्यामुळे साखळीला अखंड ओढ न लाभता हिसक्यामागून हिसका बसतो, आणि तो दंतचक्रे, गिअरपेटी व चाक यांतून थेट चालकाच्या तळव्यांपर्यंत पोहोचतो. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टर येथे बुश-रोलर साखळी सिद्ध केली, तिने घर्षण व झीज पुष्कळ कमी केली; परंतु हिसका शोषून घेणे हे साखळीचे कामच नव्हे. त्याची तजवीज रॉयल एनफिल्डने पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच मागच्या चाकात केली: दंतचक्र चाकाला थेट न जखडता दोहोंच्या पात्यांमध्ये रबराचे ठोकळे बसविले. इतका साधा, इतका स्वस्त आणि इतका दीर्घायुषी उपाय मोटारसायकलीच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

इतरांनी निराळे मार्ग चोखाळले. बीएमडब्ल्यूने 1923 च्या आर-32 मध्ये साखळीऐवजी फिरता दांडा घातला. नॉर्टनने 1967 मध्ये दाखविलेल्या कमांडोचे इंजिन, गिअरपेटी व मागचे चाक रबरी आधारांवर एकत्र टांगले. हार्ले-डेव्हिडसनने 1980 च्या स्टर्जिसमध्ये दातेरी पट्टा आणला. मद्रासेत 1955 पासून बुलेटची जुळणी सुरू झाली, तेव्हा मात्र साखळी आणि तेच रबर आपल्याकडे आले. पुढे एनफिल्डच्याच 2020 च्या मीटिऑरमध्ये कंपने शमविणारा संतुलक दांडा आला, तरी चाकातील रबर हटले नाही, कारण संतुलक दांडा पिस्टनच्या हेलकाव्याचा बंदोबस्त करतो, साखळीवरच्या हिसक्याचा नव्हे.

रबराने हिसका शमला, तरी साखळीची झीज राहतेच: रायपूरसारख्या ठिकाणी, जिथे उरला-सिलतराच्या लोखंडी कारखान्यांची धूळ वाऱ्यावर असते, उघड्या साखळीवरील तेलात ती मिसळली की रोलरांना घासून खाणारा लेपच तयार होतो. खडखड वाढली की साखळी ताणून घेण्याची आपल्याकडची रीत मला घातक वाटते: चाक वरखाली होते तसा साखळीचा ताणही बदलतो, म्हणून तिला थोडा ढिलेपणा लागतोच, आणि अतिताणाने गिअरपेटीचे बेअरिंगच बळी पडते. मोटारसायकल बाळगणाऱ्याने चाक फिरवून साखळी जिथे सर्वांत घट्ट येते तिथेच ढिलेपणा मोजावा, साखळी बदलताना दोन्ही दंतचक्रेही बदलावीत, आणि मागचे चाक ज्या ज्या वेळी उतरेल त्या त्या वेळी आतली रबरे न चुकता पाहून घ्यावीत.