एकास चार : संभाव्य विजेत्यांचा इतिहास

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा जवळ आली की वृत्तपत्रांतून संभाव्य विजेत्यांची यादी प्रसिद्ध होऊ लागते. प्रत्येक संघापुढे त्याचा भाव दिलेला असतो. हे भाव बहुधा ब्रिटनमधील पैजा स्वीकारणाऱ्या पेढ्यांचे असतात. तेथे १९६० च्या कायद्यान्वये अशा पेढ्यांना मान्यता मिळाली आणि १ मे १९६१ पासून त्यांची दुकाने उघडली. आपल्याकडील बहुतेक राज्यांत अशी पैज कायद्याला मान्य नाही. तरीही ते आकडे आपण कुतूहलाने वाचतो आणि त्यांत निकाल शोधू पाहतो. वस्तुतः भाव निकाल सांगत नाही.

समजा, एका संघाचा भाव एकास चार आहे. एक रुपया लावणाऱ्यास, तो संघ जिंकल्यास, चार रुपये नफा मिळेल. याचा हिशेबी अर्थ असा की, त्या संघास पाचांत एक, म्हणजे २० टक्के संधी आहे. यादीत तो अग्रभागी असला, तरी त्याचे विजेतेपद हुकण्याचीच शक्यता अधिक, हे तोच भाव सांगत असतो. शिवाय सर्व संघांच्या अशा टक्केवारीची बेरीज केल्यास ती शंभराच्या वर जाते. त्या वाढाव्यात पेढीचा नफा दडलेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, ज्या संघावर पैसा अधिक येतो त्याचा भाव पेढीवाले उतरवतात. इंग्रज माणूस अभिमानापोटी इंग्लंडवर पैसे लावतो, तेव्हा इंग्लंडचा भाव उतरतो; संघाचे बळ मात्र होते तेवढेच राहते. म्हणजे भावात खेळाच्या अभ्यासाबरोबर लोकांच्या मनातील आशाही मिसळलेली असते.

या आशेची किंमत इतिहासात कोणी मोजली, हे पाहण्यासाठी १९५० सालच्या ब्राझीलकडे वळावे लागते. त्या विश्वचषकात भारतालाही स्थान मिळाले होते; परंतु आपला संघ गेला नाही. इंग्लंडचा संघ मात्र प्रथमच उतरला आणि संभाव्य विजेत्यांत गणला गेला. २९ जून रोजी बेलो ओरिझोंची येथे, ज्यांना कोणी खिजगणतीतही धरले नव्हते, अशा अमेरिकेच्या संघाने त्याला १-० असे हरवले. गोल करणारा जो गेटजेन्स हा मूळचा हैतीचा होता.

त्याहून मोठा आघात रिओच्या माराकाना मैदानावर व्हायचा होता. त्या वर्षी अंतिम फेरी चार संघांच्या साखळीची होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे नमवले होते. १६ जुलै रोजी उरुग्वेशी केवळ बरोबरी साधली तरी विश्वचषक ब्राझीलचा होणार होता. एका वृत्तपत्राने संघाचे छायाचित्र विश्वविजेते म्हणून आधीच छापले होते. जागतिक फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी ब्राझीलच्या अभिनंदनाचे भाषण तयार ठेवले होते. पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षकांनी मैदान भरले होते. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलने गोल केला. मग शियाफिनोने बरोबरी साधली, आणि सामना संपायला ११ मिनिटे उरली असता घिजियाने दुसरा गोल मारला. उरुग्वे २-१ असा जिंकला.

पराभवाचे खापर गोलरक्षक बार्बोसा याच्या माथी फुटले. घिजिया आधीच्या गोलप्रमाणे चेंडू सहकाऱ्याकडे देईल, असा त्याचा अंदाज होता, तो फसला. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे, २००० साली मृत्यू येईपर्यंत, तो हा दोष वाहत राहिला. संघाचा पांढरा गणवेशही अपशकुनी मानून टाकून देण्यात आला. आजचा पिवळा गणवेश त्यानंतरचा.

चारच वर्षांनी हंगेरीची तीच गत झाली. पुष्काशचा हा संघ १९५० पासून अपराजित होता. १९५३ साली त्याने इंग्लंडला वेम्बलीवर ६-३ आणि १९५४ च्या विश्वचषकात आरंभीच्या फेरीत पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथील अंतिम सामन्यात त्याच जर्मनीविरुद्ध आठ मिनिटांत दोन गोलही केले. तरीही निकाल ३-२ असा जर्मनीच्या बाजूने लागला.

यावरून अग्रणी संघ नेहमीच कोसळतो, असे म्हणणे मात्र योग्य नव्हे. २०२२ साली पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून २-१ असा हरलेला अर्जेंटिना पुढे विश्वविजेता झाला. उलट २०१४ साली स्वगृही खेळणारा, भावांच्या यादीत अग्रस्थानी असलेला ब्राझील उपांत्य फेरीत जर्मनीकडून ७-१ असा पराभूत झाला. तोही बेलो ओरिझोंची याच शहरात.

भाव हे अनिश्चिततेचे माप आहे. ते चूक नसते. त्याला वचन मानणारा समाज चुकतो. वचन मोडले असे वाटले की तो अपराधी शोधू लागतो. पाचांत एक ही संधी कोणाही खेळाडूने दिलेली हमी नसते. १९५० साली एवढे जरी ध्यानात घेतले गेले असते, तरी बार्बोसाचे उर्वरित आयुष्य निराळे गेले असते.