रावेर, कपाशीचा मोसम आणि दाबपात्रांची तपासणी

दाबाखाली चालणाऱ्या पात्रांचा इतिहास सामान्यतः मँचेस्टर, कलकत्ता किंवा मुंबई या शहरांच्या अनुरोधाने लिहिला जातो. मोठे कारखाने तेथे होते आणि कायदेही तेथेच झाले, हे त्याचे उघड कारण आहे. परंतु तपासणीच्या व्यवस्थेची खरी कसोटी राजधानीत लागत नाही. ती दूरच्या तालुक्यात लागते. या दृष्टीने खानदेशाच्या पूर्व भागाचा, विशेषतः रावेरच्या परिसराचा, विचार करणे प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

रावेर हे भुसावळ–खंडवा लोहमार्गावरील स्थानक. ब्रिटिश काळातील गॅझेटियरने या गावाची ओळख जरीच्या तारेसाठी करून दिली आहे, तर आज ते केळीसाठी प्रसिद्ध आहे. या दोहोंच्या मधला काळ कपाशीचा होय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हिंदी कापसाला अकस्मात मागणी आली. त्याच सुमारास थळ घाट ओलांडून लोहमार्ग खानदेशात आला आणि १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता मार्ग अखंड झाला. जळगावसारख्या पेठा या काळात वाढल्या. सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे वाफेवर चालणारे कारखाने, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘जिन’ आणि ‘प्रेस’, लोहमार्गाच्या आश्रयाने उभे राहिले. नांगर आणि मोट यांच्या प्रदेशात बॉयलर आला तो असा.

जिन-प्रेसमध्ये दोन अगदी भिन्न जातींची दाबपात्रे शेजारी शेजारी असत. जिन चालविणारा बॉयलर हे पातळ भिंतीचे पात्र. गठ्ठा आवळणाऱ्या जलदाबयंत्राचा सिलिंडर हे जाड भिंतीचे. पहिल्याचे गणित सोपे आहे. दाब व व्यास यांच्या गुणाकारास भिंतीच्या जाडीच्या दुपटीने भागिले असता परिघाच्या दिशेतील प्रतिबल मिळते. लांबीच्या दिशेतील प्रतिबल त्याच्या निम्मे असते. म्हणून बॉयलर फाटतो तो बहुधा लांबीच्या सांध्यावर. दुसऱ्या पात्राचे गणित फ्रेंच गणितज्ञ लामे याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडले होते. जाड भिंतीत सर्वाधिक प्रतिबल आतल्या पृष्ठभागावर येते आणि ते आतील दाबाहून नेहमीच अधिक असते. धातूला सोसणारे प्रतिबल व दाब समान झाले, तर कितीही जाडी वाढविली तरी ती पुरत नाही, असे त्यावरून निष्पन्न होते.

तात्पर्य, रावेरच्या टापूत पहिला बॉयलर येण्यापूर्वीच त्याचे शास्त्र सिद्ध झाले होते. विल्यम फेअरबेर्न याने १८४४ मध्ये हेदरिंग्टनसह लँकेशायर बॉयलरचे पेटंट घेतले. रिव्हेटच्या सांध्यांवरील त्याच्या प्रयोगांनी असे दाखविले की, एकेरी रांगेच्या सांध्यात अखंड पत्र्याच्या सुमारे ५६ टक्के आणि दुहेरी रांगेच्या सांध्यात सुमारे ७० टक्केच बळ उरते.

एक उदाहरण घेऊ. ७ फूट व्यासाच्या, अर्धा इंच जाडीच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचास १०० पौंड दाब असेल, तर परिघीय प्रतिबल ८,४०० पौंड येते. दुहेरी सांधा जमेस धरता ते १२,००० होते. घडीव लोखंडाचे बळ ५०,००० पौंड मानले, तर सुरक्षागुणक चाराहून किंचित अधिक राहतो. आता सांध्यालगतचा पत्रा गंजून पाव इंच उरला असे समजा. तेच प्रतिबल २४,००० होते आणि गुणक दोनापर्यंत उतरतो. दाबमापकाचा काटा मात्र पूर्वीच्याच अंकावर असतो. तपासणीची आवश्यकता या एका गोष्टीतून निर्माण होते: पात्राचे दौर्बल्य ते चालविणाऱ्याला यंत्राकडून कळत नाही.

येथे मोसमाचा प्रश्न उपस्थित होतो. गिरणीचा बॉयलर वर्षभर तापलेला असतो. जिनचा बॉयलर काही महिने अहोरात्र चालतो आणि उरलेले महिने थंड पडून राहतो. तळाशी राहिलेले पाणी, त्यात विरघळलेला प्राणवायू आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे पत्र्याला खळगे पडतात. उलट चालू मोसमात जड पाण्याचे कीट आतून धरते. त्यामुळे उष्णता पाण्यास पोचत नाही आणि भट्टीच्या बाजूचा पत्रा प्रमाणाबाहेर तापून मऊ होतो. म्हणजे मोसमी बॉयलर चालताना एका कारणाने आणि विसावताना दुसऱ्या कारणाने झिजतो.

कायद्याची दृष्टी मात्र दीर्घकाळ शहरापुरतीच होती. कलकत्त्यात १८६३ मध्ये झालेल्या प्राणघातक स्फोटानंतर बंगालने १८६४ मध्ये पहिला तपासणी-कायदा केला. तो कलकत्ता शहर व उपनगरे यांनाच लागू होता. मुंबई प्रांताचा बॉयलर तपासणी कायदा १८९१ चा. कामगारविषयक कायद्याची स्थितीही अशीच होती. १८८१ चा कारखाना कायदा शंभर व अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. मोसमी जिनला ही पळवाट आयतीच मिळाली. मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे १८८५ च्या सुमारास खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, तीत पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या कामाचे आणि स्त्रियांच्या अतिश्रमाचे चित्र आहे. ज्या माणसाने पाणपातळीच्या काचेवर नजर ठेवावयाची, तो अशा कारखान्यात कितपत जागा असेल, याचा विचार अभियंत्यानेही केला पाहिजे. थकलेला माणूस व झिजलेला पत्रा हे दोन्ही एकाच हिशेबातील आकडे आहेत.

प्रांतोप्रांतीच्या नियमांत इतकी विसंगती होती की, एका प्रांतात मान्य झालेला बॉयलर दुसऱ्यात अमान्य ठरे. रावेरसारख्या सीमेवरील तालुक्याच्या दृष्टीने ही केवळ तात्त्विक अडचण नव्हती. पुढचे बऱ्हाणपूर मध्य प्रांतात मोडे. १९२० मध्ये नेमलेल्या समितीच्या अहवालानंतर १९२३ चा अखिल भारतीय कायदा झाला. नोंदणी, बारा महिन्यांहून अधिक नसलेल्या मुदतीचे प्रमाणपत्र आणि अपघाताची चोवीस तासांत वर्दी ही त्याची प्रमुख अंगे. १९५० च्या नियमावलीने आकडेमोड, द्रव्य व चाचणी यांची तपशीलवार परिमाणे दिली. नव्या बॉयलरची चाचणी कार्यदाबाच्या दीडपट दाबाने, तीही पाण्याने, घ्यावयाची असते. पाणी फारसे दबत नसल्याने त्यात साठणारी ऊर्जा अल्प असते; पात्र फुटलेच तर गळते, उडत नाही. वाफेचे वा हवेचे तसे नाही.

तथापि या कायद्याचा विषय वाफ हा होता. पाच गॅलनहून लहान पात्र त्याच्या व्याख्येबाहेर राहिले आणि हवा, अमोनिया किंवा इंधनवायू साठविणारी अग्निविरहित पात्रेही बाहेर राहिली. त्यांची व्यवस्था तुकड्यातुकड्यांनी झाली: वायुनळकांड्यांचे नियम १९४० मध्ये, कारखान्यांतील दाबसंयंत्रांविषयीचे कलम ३१ हे १९४८ च्या कायद्यात, भारतीय मानक २८२५ हे १९६९ मध्ये, स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम १९८१ मध्ये. डोंबिवली येथे २३ मे २०२४ रोजी झालेल्या भीषण स्फोटाला प्रथम ‘बॉयलरचा स्फोट’ म्हटले गेले. ती घटना रासायनिक अभिक्रियेच्या पात्रातील असल्याचे मागाहून पुढे आले. लोकांच्या मनात धोक्याचे नाव अद्याप बॉयलर हेच आहे. धोका मात्र केव्हाच दुसऱ्या पात्रांत शिरला आहे. २०२५ मध्ये नव्या बॉयलर कायद्याने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली, तरी ही विभागणी संपलेली नाही.

रावेरच्या परिसरात आता वाफेच्या जिनचा काळ उरलेला नाही. परंतु शीतगृहातील अमोनियाची टाकी, टायरच्या दुकानातील हवेची टाकी आणि उपाहारगृहातील वायुनळकांडी ही सर्व पूर्वीच्याच समीकरणाने बांधलेली आहेत. त्यांपैकी कितीतरी लहान आस्थापनांत असतात, आणि जुन्या मोसमी जिनप्रमाणेच कायद्याच्या संख्यामर्यादेच्या अलीकडे राहतात. या इतिहासाचा निष्कर्ष काढावयाचा तर तो असा की, आपल्याकडे गणित कधी उशिरा आले नाही. निरीक्षक उशिरा आला. पत्र्याची जाडी मोजणारा माणूस वेळेवर कोठपर्यंत पोचतो, यावरच पुढील संशोधकांनी या विषयाची प्रगती मोजावी, हे उचित होईल.