ठोक्यावरचा उतारा

गेल्या वैशाखातली गोष्ट. मिरजेला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. माझी स्कूटर दाखवायला म्हणून मी गेलो, तर हा गडी पत्र्याच्या डब्यात पेट्रोल घेऊन त्यात रंगाच्या दुकानातले थिनर ओतीत बसला होता. शेजारी एक जुनी एस्टीम गाडी बॉनेट उघडून, तोंड वासून उभी होती. मोटारींच्या शर्यतीला जायची तिची तयारी चालली होती.

"काय रे, हा काय काढा?"

"ऑक्टेन वाढवतोय, सर. ताकद यावी म्हणून हेड घासून घेतलंय, तर आता इंजिन ठोकायला लागलंय. विकतची बाटली परवडत नाही. म्हटलं, घरचंच औषध करावं."

एवढे बोलून त्याने दुसऱ्या डब्यातल्या पेट्रोलने हात खसाखसा धुतले आणि मला चहा विचारला. डोळे तांबारले होते. "डोकं जरा जड होतं, सर, पण आता सवय झालीय," असेही तो हसत हसत म्हणाला.

मी मराठीचा मास्तर. रसायनशास्त्राशी माझी गाठ मॅट्रिकच्या परीक्षेपुरतीच. पण मागे एका कादंबरीसाठी मोटारींच्या जन्मकथा वाचल्या होत्या, त्यामुळे त्या धुतल्या हातांकडे पाहताच मला शंभर वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला. चहा येईपर्यंत त्याची हकीकत मी त्या पोराला अर्धीमुर्धी सांगितली. ती येथे सलग सांगतो.

आधी हा ठोका म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, मग ठिणगी पडते, आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने पसरत जाते. दाब जितका जास्त, तितके त्याच पेट्रोलात काम जास्त. पण दाब बेताबाहेर गेला की ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातली वाफ आपण होऊन भडकते, आणि हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. असे ठोके फार दिवस बसले तर पिस्टनाला भोक पडते. इंधनाची हा दाब सोसण्याची कुवत म्हणजे त्याचा ऑक्टेन अंक. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सहनशक्ती. म्हणूनच ज्या गाडीचे इंजिन मुळात ठोकत नाही तिला ऑक्टेनचा खुराक देणे म्हणजे धडधाकट माणसाला खोकल्याचे औषध पाजणे. आमच्या पोराच्या गाडीचे हेड घासले होते, म्हणजे दाब वाढला होता. निदान त्याची गरज खरी होती.

आणि त्याचा काढाही अगदी अडाणी नव्हता, हे सांगितले पाहिजे. थिनरात बहुधा टोल्युईन नावाचे द्रव्य असते आणि ते ठोका थोपवते, ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात हॅरी रिकार्डो नावाच्या इंजिनिअराने ओळखली होती. बोर्निओच्या खाणीतले पेट्रोल जड म्हणून तेल कंपनी तेथल्या जंगलात नेऊन जाळून टाकीत असे. रिकार्डोने तपासले, तर ठोका न देण्यात तेच सर्वांत सरस! पुढे शर्यतवाले लोक दगडी कोळशापासून निघणारे बेंझॉल आणि अल्कोहोल पेट्रोलात मिसळून आपापली गुप्त मिश्रणे करू लागले. १९३१ साली ब्रिटिशांच्या ज्या समुद्री विमानाने ताशी ४०० मैलांची मर्यादा प्रथमच ओलांडली, त्याचे इंधनही रॉडवेल बँक्स नावाच्या जाणकाराने असेच जुळवलेले मिश्रण होते. पण ती जाणत्यांनी मोजूनमापून केलेली कामे. रंगाच्या दुकानातल्या थिनरात काय काय आणि किती आहे, हे खुद्द दुकानदारालाही ठाऊक नसते. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या पंख्याच्या बटणाशी ठिणगी गाठते. गॅरेजे जळतात ती पुष्कळदा अशीच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे चार्ल्स केटरिंग या कल्पक गृहस्थाने मोटारीला हँडल मारण्याच्या जाचातून सोडवणारा विजेचा स्टार्टर काढला, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. ठोक्याचे खापर लोकांनी त्याच्याच विजेच्या यंत्रणेवर फोडले. तेव्हा खरा दोष शोधायला केटरिंगने थॉमस मिडग्ले या तरुण इंजिनिअराला बसवले. हा रसायनशास्त्रज्ञ नव्हता, यंत्रांचा माणूस होता.

१९१६ साली दोघांनी एक गमतीचा तर्क केला. त्यांच्याकडे लालसर पानांचे एक रानझुडूप बर्फ असतानाच फुलते. लाल रंग उष्णता शोषत असेल काय? मग पेट्रोलही लाल करून पाहावे! भांडारात तेलात विरघळणारा लाल रंग मिळेना, म्हणून मिडग्लेने आयोडीन घातले, आणि ठोका थांबला. पुढे कळले की रंगाचा काही संबंधच नव्हता. बाकीचे लाल रंग फुकट गेले. बिनरंगी आयोडीन-संयुग मात्र चालले. चुकीच्या वाटेने माणूस बरोबर गावी पोचतो, तो असा.

आयोडीन महाग आणि धातू खाणारे. मग ॲनिलीन झाले, सेलेनियम झाले, टेल्युरियम झाले. टेल्युरियमला लसणीसारखी अशी घाण, की ती कपड्यांतून आणि अंगातून दिवसेंदिवस जाईना. शेवटी ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राइथिल लेड, चाचणीच्या इंजिनात पडले आणि ठोका जादू केल्यासारखा नाहीसा झाला. गॅलनला सुमारे तीन घन सेंटिमीटर, म्हणजे पाऊण चमचाही नाही, एवढे पुरे!

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ठोक्यावर दुसरा एक उतारा ह्याच मंडळींना चांगला ठाऊक होता. तो म्हणजे अल्कोहोल. मिडग्लेने स्वतः अल्कोहोल मिसळलेल्या इंधनाचे पेटंट मागितले होते आणि त्याची जाहीर तरफदारीही केली होती. पण अल्कोहोल पेट्रोलात थेंबभर घालून चालत नाही, शेकड्याला दहा-वीस भाग लागतो. शिवाय ते कोणाही शेतकऱ्याला गाळता येते, त्याच्यावर मालकी कोण सांगणार? शिशाचा थेंब मात्र कंपनीच्या मुठीत राहणारा. मिळकतीचा हिशेब सोपा होता. त्या मालाचे नाव 'इथिल' असे गोंडस ठेवण्यात आले. 'शिसे' हा शब्द त्यात कोठेच नाही.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर ते प्रथम विकले गेले. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या ह्याच पेट्रोलवर धावल्या. मग काय विचारता! शर्यत जिंकलेले औषध घरोघरच्या गाडीला हवेच. आमच्या मिरजेच्या पोराची बुद्धीही याच वाटेने गेलेली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. त्यांना नसलेल्या गोष्टी दिसत, ते हवेत हात मारीत, किंचाळत. पाच जण दगावले, चाळिसाच्या आसपास आजारी पडले. दुसऱ्या एका कारखान्याला तर कामगारांनी 'फुलपाखरांचे घर' असे नाव पाडले होते, कारण तेथले लोक नसलेले किडे अंगावरून झटकीत बसत. वर्तमानपत्रांनी त्या पेट्रोलला 'वेडा वायू' म्हटले. तेव्हा ३० ऑक्टोबर रोजी मिडग्लेने बातमीदारांना बोलावले, ते द्रव्य स्वतःच्या हातांवर ओतून घेतले, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली आणि सांगितले की असे रोज केले तरी मला काही होणार नाही.

त्याला काही ठाऊक नव्हते असे समजू नका. १९२३ च्या आरंभी तो स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून, काम सोडून, फ्लोरिडाच्या मोकळ्या हवेत जाऊन राहिला होता.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. तेलवाल्यांच्या एका प्रतिनिधीने ह्या द्रव्याला ईश्वरी देणगी म्हटले. समोर होत्या हार्वर्डच्या पहिल्या स्त्री-अध्यापिका डॉ. ॲलिस हॅमिल्टन. कारखान्यातले शिसे कामगाराच्या अंगात कसे मुरते याचा अभ्यास त्यांनी अनेक वर्षे केला होता. शिशाला बांध घालता येत नाही, ते रस्तोरस्ती पसरेल, असे त्यांचे म्हणणे. समितीने थोड्या महिन्यांत अडीचशे माणसे तपासली आणि १९२६ च्या जानेवारीत निर्णय दिला: बंदी घालण्याजोगा पुरावा नाही, मात्र अभ्यास पुढे चालू राहावा. तो अभ्यास पुढे चाळीस वर्षे बहुतांशी धंद्याच्याच पैशाने चालला.

पुढे क्लेअर पॅटरसन नावाचा शास्त्रज्ञ पृथ्वीचे वय काढीत होता. दगडातले शिसे मोजायचे, तर जिकडेतिकडे भलतेच शिसे आड येई. प्रयोगशाळा धुऊन पुसून १९५६ साली त्याने सुमारे ४५५ कोटी वर्षे हा आकडा काढला, आणि मग त्या आगंतुक शिशाच्या मागे लागला. १९६५ साली त्याने स्पष्ट लिहिले की माणसाच्या अंगातले शिसे नैसर्गिक नव्हे. त्याला पुष्कळ सोसावे लागले, पण तो हटला नाही. जपानने १९८० च्या दशकात आणि अमेरिकेने १९९६ साली रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसे संपवले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१. लहान पिस्टन-विमानांत ते अजून जळते आहे. मिडग्लेला १९४० साली पोलिओ झाला. अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोर-कप्प्यांचे यंत्र केले होते. १९४४ साली त्याच दोरात गळा अडकून तो गेला.

आपल्याकडे बिनशिशाचे पेट्रोल १९९५ साली चार महानगरांत आले आणि देशभर २००० साली. म्हणजे माझे सारे बालपण शिशाच्या धुरात गेले! मामांच्या स्कूटरवर पुढे उभे राहून पेट्रोलचा वास छातीभर घ्यायचा, हा सुट्टीतला माझा परमानंद. मामा हात पेट्रोलनेच धुवायचे. कोणी कोणाला सांगायचे?

आणि तो दुसरा उतारा, अल्कोहोल? आपल्या सरकारने त्यासाठी १९४८ सालीच कायदा केला होता, पण तो बासनातच राहिला. २००१ साली पेट्रोलात शेकडा पाच भाग इथेनॉल घालण्याचा प्रायोगिक आरंभ देशात ज्या तीन ठिकाणी झाला, त्यांतले एक आमची मिरज. आज शेकडा वीस आहे. उसाच्या पाण्याचे काय, जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचे काय, हे प्रश्न आहेतच, आणि गाडी लिटरमागे थोडी कमी धावते हेही खरे.

हकीकत संपली तेव्हा चहा निवून गेला होता. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्या मिडग्लेनं बाटली हुंगली, तेव्हा तो आजारातून उठलेला होता ना?"

"होय."

त्याने थिनरच्या डब्याचे झाकण लावले, डबा उचलून मागच्या अंगणात उन्हाआड ठेवला आणि नळाखाली साबणाने हात धुतले. "हेडला जाड गॅसकेट घालून बघतो," तो म्हणाला. "दाब थोडा उतरेल. गाडी हरली तर हरली."

गाडी चौथी आली, असे गणपतीत भेटला तेव्हा कळले.