राजीनामा आणि परतीचा दोर

कायम नोकरी सोडून नवी संधी घ्यावी का, हा प्रश्न घरोघरी एकाच तऱ्हेने मांडला जातो : इथे हातात किती पडतात आणि तिकडे किती पडतील. ही मांडणी अपुरी आहे. ज्याला आपण सुरक्षितता म्हणतो ती अनेक घटकांची बनलेली असते. त्यांतले काही घटक माणसाबरोबर नव्या ठिकाणी जातात, काही राजीनाम्याच्या दिवशी संपतात पण पुन्हा उभे करता येतात, आणि काही गेले की गेलेच. निर्णयात सर्वाधिक वजन या शेवटच्या गटाला द्यायला हवे, कारण परतीचा दोर तिथेच कापला जातो.

पीएफ पहिल्या गटातला. तो जुन्या खात्यातून नव्या खात्यात वळवता येतो आणि सेवाही सलग धरली जाते. तरी नोकरी बदलताना पुष्कळजण तो काढून मोकळे होतात. एकूण सेवा 5 वर्षांच्या आत असेल तर त्या रकमेवर कर लागतो. शिवाय पेन्शनचा हिस्साही उचलला, तर मासिक पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. इथे नुकसान नोकरी सोडल्याने होत नाही, उतावळेपणाने होते.

ग्रॅच्युइटीचे तसे नाही. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे सलग 5 वर्षांनंतर मिळते. दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 40,000 रुपये असतील तर 5 वर्षांचे सुमारे 1,15,000 रुपये होतात. 4 वर्षे 2 महिन्यांनी राजीनामा टाकणाऱ्याच्या हाती यातले काही येत नाही. म्हणजे राहिलेल्या 10 महिन्यांत नवी जागा महिन्याला निदान 11,500 रुपये जादा देत नसेल, तर पैशाच्या बाजूने घाई अंगाशी येते. ऑफर लेटरवरच्या सीटीसीतही बहुधा हीच ग्रॅच्युइटी 4.81 टक्के म्हणून धरलेली असते, कंपनीचा पीएफचा वाटा असतो, आणि मिळेल की नाही याची खात्री नसलेला व्हेरिएबल पेही असतो. तरी शिकलीसवरलेली माणसे सीटीसीला बाराने भागून खूश होतात!

आरोग्य विम्याकडे त्याहून कमी लक्ष जाते. कंपनीचे संरक्षण सहसा नोकरीबरोबरच संपते. घरात वडिलांना मधुमेह असेल, तर नवी वैयक्तिक पॉलिसी आधीच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. ती पॉलिसी आधीच घेऊन हा काळ पगार चालू असतानाच सरू द्यावा.

सरकारी नोकरीत सगळी भीती पेन्शनभोवती फिरते. महाराष्ट्र शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार राजीनामा दिला की मागची सेवा बुडते. अर्हताकारी सेवेची 20 वर्षे भरली असतील तर मात्र स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि पेन्शन टिकते. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेले बहुतेक हा टप्पा ओलांडून गेले आहेत. नंतर लागलेल्यांचे राष्ट्रीय पेन्शन योजनेतले खाते त्यांच्याबरोबरच जाते. त्यातला पेन्शनच्या हमीचा पर्याय निवडलेल्यांनी तेवढी सेवेची अट नीट वाचावी. थोडक्यात, जी भीती सर्वांत मोठ्याने बोलली जाते ती आजच्या तरुण कर्मचाऱ्याला फारशी लागूच नाही. उरतो तो ‘पर्मनंट’ या शब्दाचा लग्नाच्या बाजारातला भाव, आणि त्याचा हिशेब कुठल्याच नियमावलीत बसत नाही.

नोकरीत राहण्यातही जोखीम असते, पण तिची नोंद कोणी करत नाही. मुंबईच्या गिरणगावात बापामागून मुलगा गिरणीत लागे, इतकी ती भाकरी पक्की मानली जाई. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि कित्येकांना गिरणीचा भोंगा पुन्हा ऐकू आला नाही. संप हे एक कारण होते. जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीची किंमत ही कारणे आधीपासून साचत होती. आपला धंदा कुठे चालला आहे हे हजेरीपटावर दिसत नसते.

मनाचा कलही एकाच बाजूला असतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडले की तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तेवढीच हानी जास्त बोचते. स्टीव्हन लेविट यांच्या 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्विधेत अडकलेल्या लोकांनी नाणेफेक केली. मोठ्या निर्णयांत ज्यांना ‘बदल करा’ असा कौल मिळाला, ते 6 महिन्यांनी सरासरीने अधिक समाधानी आढळले. यावरून सगळ्यांनी राजीनामे द्यावेत असे ठरत नाही, कारण नाणे उडवायला आलेला माणूस आधीच अर्धा बाहेर पडलेला असतो.

नवी संधी स्वतःच्या धंद्याची असेल तर दोन दगडांवर पाय ठेवू नये असे वडीलधारे सांगतात. माझ्या मते काही काळ तो जरूर ठेवावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असतानाच सायकली घेऊन बेळगावला बंधू रामूअण्णांकडे पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. पुढे बढतीत डावलले गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे काय हे त्यांना ठाऊक झालेले होते. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती 1910 मध्ये. जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी 2014 मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून दाखवले की नोकरी सांभाळत सुरुवात करून मग पूर्णवेळ धंद्यात उतरणाऱ्यांची तो बंद करण्याची शक्यता थेट उडी घेणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी होती.

ही वाट सर्वांना खुली नाही. सरकारी कर्मचाऱ्याला वर्तणूक नियम आडवे येतात, खासगी नोकरांना नेमणुकीच्या करारातले कलम. रीतसर परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जाणाऱ्याला धारणाधिकारामुळे ठरावीक काळ परत येता येते. धंद्यात उतरणाऱ्याला तशी सोय नाही. त्याने निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला काढावा. घर घ्यायचेच असेल तर सॅलरी स्लिप चालू असतानाच कर्ज मिळणे सोपे जाते, नंतर बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागते. पण त्या कर्जाचा हप्ता या वर्षभराच्या घरखर्चात धरल्यावर पैसे पुरत नसतील, तर घर किंवा धंदा यांपैकी एक पुढे ढकलावे लागेल.