गाडीचं पोट आणि रस्त्याची पाठ



बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरपासून लांब राहण्याची तंबी दिली होती. आता डोळा बरा आहे, आणि विषयही घरातच मिळाला आहे.

दिवाळीत नातू आला होता. पुण्यात नोकरी करतो, रोज कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येऊन. मी गाडी चालवणं सोडलं तेव्हा माझी छोटी गाडी त्यालाच देऊन टाकली. चकली खाता खाता म्हणाला, "आबा, गाडी थोडी खाली करून घेऊ का? दुसऱ्या स्प्रिंगा बसवल्या की चार सेंटिमीटर खाली बसते. वळणावर रस्त्याला चिकटून चालते. दिसतेही मस्त."

कागदोपत्री गाडी अजून माझ्या नावावर आहे, म्हणून विचारलं असावं. सौ. लगेच म्हणाली, "आधीच माझे गुडघे असे, त्यात आणखी खाली वाकून बसायचं का?" मी मात्र "बघतो" एवढंच म्हणालो. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस "बघतो" म्हणाला की तो शंभर-दोनशे वर्षं मागे जाऊन येणार, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर मंडळी, मागे जाऊ या.

मोटार आली ती घोडागाडीच्या पोटातून. तिचे कमान-पाटेसुद्धा घोडागाडीचेच. लंडनच्या ओबादाया इलियट याने १८०४ च्या सुमारास लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगा बग्गीला बसवल्या, त्या पुढे शंभर वर्षं टिकल्या. पहिल्या मोटारी उंच होत्या, कारण खाली आधी दणकट चेसी, तिच्यावर लाकडी सांगाडा आणि त्यावर माणसं. शिवाय रस्तेही तसेच. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी विकली गेली. अमेरिकेतल्या खेड्यांतले रस्ते तेव्हा चिखलाचे आणि चाकोऱ्यांचे होते. ती बगळ्यासारखी उंच गाडी त्यातून पाय उचलून चालत असे. तिला उंच ठेवणं ही हौस नव्हती, गरज होती.

मग गाड्या खाली आल्या त्या कशा? इथे मला खरी गंमत सापडली. १९२२ साली इटलीच्या लान्चिया कंपनीने लांब्डा नावाची गाडी आणली. तिला वेगळी चेसी नव्हतीच, अंग हाच सांगाडा. त्यामुळे माणसं चेसीच्या वर बसण्याऐवजी सांगाड्याच्या आत बसू लागली. १९३४ साली फ्रान्सच्या सित्रोएनने पुढची चाकं ओढणारी गाडी आणली. मागच्या चाकांकडे जाणारा दांडाच नाहीसा झाला, म्हणून तळ आणखी खाली नेता आला. १९४८ साली अमेरिकेत हडसन कंपनीने चेसीच्या दोन तुळयांच्या मध्येच गाडीचा तळ बसवला. तिच्यात चढायचं नाही, पायरी उतरल्यासारखं उतरायचं! याच घराण्यातल्या हॉर्नेट गाडीने पुढे १९५१ ते १९५३ अशी लागोपाठ तीन वर्षं नॅसकारच्या शर्यतींमध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं.

या तिन्ही गाड्यांनी वजन खाली नेलं, पण चाकाला वरखाली व्हायला लागणारी जागा खाऊन नव्हे. नातू म्हणतो ते "खाली करणं" वेगळं आहे. त्यात आखूड स्प्रिंग घालून सबंध गाडी चाकांच्या जवळ आणली जाते. म्हणजे चाकाला वर सरकायला जेवढी मोकळी जागा होती, तीच कापली जाते. शब्द एकच, पण गोष्टी दोन. इतिहासात असे घोटाळे फार होतात.

जागा कापली की स्प्रिंग कडक करावी लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात आतल्या रबरावर आपटेल. आणि स्प्रिंग कडक झाली की काय होतं, हे मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९३० च्या दशकात नीट मांडलं. आधी रोल्स रॉइसमध्ये असलेला हा गृहस्थ पुढे अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. वजनं पुढेमागे सरकवता येतील अशी एक चाचणीची गाडीच त्याने बनवून घेतली आणि माणसाला कोणती लय सुखाची वाटते ते तपासलं. हिशेब शाळेतल्या लंबकाचाच आहे. गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला एक हेलकावा घेते. सहाच सेंटिमीटर दबत असेल तर दोन. पहिली लय पाळण्याची, दुसरी चाळणीची. आपल्या रोजच्या गाड्या या दोन्हींच्या मध्ये, पाळण्याच्या जरा जवळ असतात.

नातवाचीही बाजू सांगायला हवी. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं, आणि किती जातं ते गुरुत्वमध्याच्या उंचीवर ठरतं. समजा तो जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे. चार सेंटिमीटर खाली आणला तर साधारण सात टक्के फरक पडतो. खंबाटकीच्या वळणांवर तो जाणवेलही. पण त्यातही एक मेख आहे. आपल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीची रचना असते. ब्रिटनमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ती १९५० साली आली. तिच्यात गाडी फार खाली आणली की खालचे दांडे तिरके होतात, आणि गाडी कलायला उलट सोपी जाते. म्हणजे एका हाताने कमावलं ते दुसऱ्या हाताने गेलं. निव्वळ स्प्रिंग कडक म्हणून ती कलत नाही असं वाटतं, एवढंच.

"पण आबा, रेसच्या गाड्या तर जमिनीला टेकलेल्या असतात!" हा त्याचा पुढचा मुद्दा. बरोबर आहे. पण त्यांचाही इतिहास बघावा. १९८१ साली फॉर्म्युला वनच्या नियामकांनी गाडी जमिनीपासून सहा सेंटिमीटर वर असलीच पाहिजे असा नियम केला. ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरे या चतुर आरेखकाने असं सस्पेन्शन बनवलं, की वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची आणि वेग कमी झाला की पुन्हा सावकाश वर यायची. मोजणी अर्थातच उभ्या गाडीची! परीक्षेला वह्या व्यवस्थित आणणाऱ्या वर्गातल्या वात्रट मुलांची मला आठवण झाली. त्या काळात या गाड्यांच्या स्प्रिंगा इतक्या कडक झाल्या, की चालकांच्या पाठी आणि माना कामातून जायची वेळ आली. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि तो खेळ थांबला. २०२२ मध्ये नियम बदलून तळाखालच्या हवेचा उपयोग पुन्हा सुरू झाला, आणि बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टनसारखा तयारीचा खेळाडू पाठ धरून गाडीतून उतरताना साऱ्या जगाने पाहिला. आणि तो रस्ता शर्यतीसाठी तपासून घेतलेला होता, बरं का! हिंजवडीचा नव्हे.

सर्वांत शहाणी गाडी मला सित्रोएनची डी.एस. वाटली. १९५५ साली पॅरिसला दाखवलेल्या या गाडीत पोलादी स्प्रिंगांऐवजी तेल आणि वायू होता. चालकाने दांडा सरकवला की गाडी वर उचलली जाई. रस्ता खराब असेल तर उंच, चांगला असेल तर खाली, आणि माणसं कितीही बसली तरी पातळी तीच. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ अध्यक्ष द गॉल यांच्या डी.एस.वर गोळीबार झाला. टायर फुटले, पण चालकाने गाडी सावरून वेगाने बाहेर काढली आणि द गॉल पतीपत्नी वाचले. उंची हा हट्टाचा नव्हे तर प्रसंगाचा प्रश्न आहे, हे त्या फ्रेंच लोकांना कळलं होतं.

आणि निव्वळ शोभेसाठी खाली करणारे? त्यांना मी हसणार होतो, पण वाचल्यावर हसू आलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिस आणि आसपासची मेक्सिकन वंशाची मुलं जुन्या गाड्यांच्या डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या खाली करत आणि मुद्दाम सावकाश फिरवत. इतरांची ऐट वेगात, यांची संथपणात. १९५८ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला, की चाकाच्या रिमच्या खाली गाडीचा कुठलाही भाग येता कामा नये. त्यावर रॉन अगिरे या तरुणाने १९५९ मध्ये विमानाच्या सुट्या भागांतले हायड्रॉलिक पंप लावून अशी गाडी बनवली, की पोलीस दिसला की ती वर उठायची! तो कायदा रद्द व्हायला २०२४ साल उजाडावं लागलं. ज्यांना शहरात मान नव्हता, त्यांनी तो असा मिळवला. त्यांच्यासाठी गाडी खाली करणं नक्कीच "वर्थ" होतं. मात्र प्रश्न वेगळा होता. ते रोज ऑफिसला वेळेवर पोचण्यासाठी हे करत नव्हते.

आता आपल्या दारात येऊ. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ सालच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं म्हटलं होतं, त्याची त्रिज्या १७ मीटर. नातवाला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. दोन चाकांमधलं अंतर २.४ मीटर धरलं, तर अशा गतिरोधकाच्या माथ्यावर गाडीच्या पोटाखालची जेमतेम ४.२ सेंटिमीटर जागा कमी होते. नातू खूश! "म्हणजे आरामात जाईल!"

मग आम्ही दोघे फूटपट्टी आणि दोरी घेऊन आमच्या कॉलनीच्या तोंडाशी गेलो. शेजारीपाजारी बघत होते. तिथला गतिरोधक निघाला १३ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद. गतिरोधक कसला, बांधच तो! इतका अरुंद असला की पुढची चाकं उतरल्यावर तो सबंध पोटाखाली येतो. गाडी रिकामी मोजली तर १७ सेंटिमीटर. सौ., सूनबाई, मुलगा आणि डिकीत सामान भरून मोजली तर १४. म्हणजे आज ती एका सेंटिमीटरने सुटते. चार कमी केले की भरल्या गाडीला १० उरतात.

नातू गप्प झाला. मग मी त्याला जी गोष्ट सांगितली ती आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. इथेही लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं.

१९९२ साली मी जुनी फियाट घेतली. मास्तराने गाडी घेतली म्हणून गावात कौतुक. माझ्या वडिलांना, दादांना, दम्याचा आणि पाठीचा त्रास होता. गाडी मऊ चालावी म्हणून मी मागच्या कमानीतला एक पाटा काढून टाकायला सांगितला. मेकॅनिकने एकदा विचारलं, "गुरुजी, गाडी बसेल हं." मी म्हणालो, बसू दे. मागून जराशी बसलेली ती गाडी मला दिसायलाही ऐटदार वाटायची, हेही खरं. पावसाळ्यात दादांचा दमा उसळला. रात्री त्यांना साताऱ्याला न्यायचं म्हणून पाच माणसं बसवून निघालो. ओढ्याच्या फरशीवर दगड लागला, सायलेन्सर उपटून अडकला आणि गाडी पुढे जाईना. आम्ही भर पावसात डांबरी रस्त्यापर्यंत दीड मैल चाललो. दादा दर पन्नास पावलांवर थांबत होते. शेवटी एका ट्रकवाल्याने घेतलं.

दादा त्यातून बरे झाले, पुढे चार वर्षं होते. पण तो दीड मैल माझ्या छातीवरून अजून उतरलेला नाही. मी केलं ते त्यांच्या सुखासाठीच होतं. फक्त रस्ता मोजला नव्हता.

"पणजोबा काही बोलले नाहीत?" नातवाने विचारलं.

बोलले होते. एका ठिकाणी दम खायला थांबले तेव्हा म्हणाले, "गाडी छान आहे रे तुझी. आमचा रस्ताच तिच्या लायकीचा नाही."

मी नातवाला "करू नको" म्हटलं नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल काय म्हणतात ते सांगितलं. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून मनासारखे बदल करता येत नाहीत. माझं मतही सांगितलं. आपल्याकडे रोजच्या वापरासाठी हा खर्च वाया जाणार. तेच पैसे चांगल्या टायरांवर आणि नव्या शॉक ॲब्सॉर्बरवर घाल, घाटात फरक त्यानेही पडेल. आणि हौसच असेल, तर निदान भरलेली गाडी आणि रोजचा रस्ता दोन्ही मोजून मग कर. मग गाडी त्याच्या नावावर करून देण्याचे कागद सही करून त्याच्या हातात दिले. निर्णय ज्याचा, गाडीही त्याचीच असावी.

परवा त्याचा फोन आला. स्प्रिंगांचं अजून ठरलेलं नाही म्हणाला. पण ऑफिसच्या वाटेवरचे सगळे गतिरोधक त्याने फूटपट्टीने मोजून काढलेत. एकूण एकवीस. त्यातले मानकाप्रमाणे किती, ते मी विचारलं. तो नुसता हसला.

असो. फार लांबलं. डोळ्यात औषध घालायची वेळ झाली, सौ. हाका मारते आहे.